मुक्याच्या राईत दिलेली ओ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या सरूआतेचे. मी बी. ए. झालो तो तिच्यामुळे, आणि मी बी. ए. होईपर्यंत तिला मासा खाता आला नाही तो माझ्यामुळे.

(ज्यांची घरं समुद्रापासून लांब आहेत, त्यांना या दुसऱ्या वाक्यातली भीषणता कळायची नाही. देवगडच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. तिथं माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न, "मासो जाता मां पोटात?" जात असेल तर वैद्याला बोलावत नाहीत. जात नसेल तर मुंबईच्या नातेवाइकांना बोलावतात.)

सरूआते म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच कपाळ पुसून ती माहेरी आली. मी रांगत असताना आई गेली, तेव्हापासून माझी आई, शाळा आणि पोलीसचौकी तीच. आमच्या घरात तोवर कोणी फायनलपलीकडे गेलं नव्हतं. मला शिकवायचं हे तिनं ठरवलं, आणि तिनं ठरवलेलं बदलायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तिचं मुख्य साधन होतं तिची हाक. अंगणात उभी राहून ती "वसंताऽऽ!" अशी हाक मारी, ती खाडीच्या पलीकडे ऐकू जाई. पलीकडच्या गावात माझ्या नावाची आणखी दोन मुलं होती, तीही जेवायला उठत! आणि नियम असा, की हाक आली की ओ द्यायची. पहिल्याच हाकेला. दुसरी हाक मारावी लागली, तर तिसऱ्या वेळी हाक येत नसे, आतेच येई. त्यामुळे माझ्या अंगात ती ओ इतकी मुरली होती, की पुढं कोल्हापूरला वसतिगृहात असताना रस्त्यावरून कोणी कोणा वसंताला हाक मारली, तर मी झोपेतून ओ देत असे.

रानात मात्र आतेचा नियम बरोबर उलटा.

"रानात कोणी नावान हाक मारली तर ओ देव नको," ती सांगे. "माणूस तीनदा हाक मारता. ता एकदाच मारता."

"ता म्हणजे काय गो?"

"ता म्हणजे ता."

एवढ्यावर या विषयाचा अभ्यासक्रम संपे.

आता रान म्हणजे आमच्याकडे मुक्याची राय. गावामागं सड्याचा, म्हणजे उघड्या माळाचा, कातळ संपतो तिथं खाली एक दाट झाडी आहे. भोवती जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा. आत कोणी काटकीसुद्धा तोडत नाही. मध्यभागी एक काळा उभा दगड, तो राखणदार. इतर गावांचे राखणदार नारळ मागतात, कोंबडा मागतात, विडी मागतात. आमच्या राखणदाराला त्यावर आणखी शांतता लागते. गडग्याच्या आत शब्द उच्चारायचा नाही. आमच्या गावाकडं जी वस्तू अजिबात नाही, नेमकी तीच त्यानं मागावी, यावरून तो मूळचा बाहेरचा असावा असं आबांचं मत होतं.

मी कोल्हापूरला निघालो त्या दिवशी आते या गडग्यापाशी गेली आणि राखणदाराला नवस बोलली. "माझो झील बी. ये. होवंदे. मी मुक्यान येवन तुका कोंबडो सोडतंय. तवसर मासो तोंडाक लावचंय नाय!"

आबांना हे कळलं तेव्हा ते हबकले. "गे, निदान सुको मासो तरी खा!"

"सुको काय झाडार लागता?" आते म्हणाली.

तेव्हापासून ती आमच्यासाठी मासे साफ करी, वाटप वाटी, तिखलं करी, ते न चाखता बरोबर करी, आणि स्वतः कुळथाची पिठी जेवे. इंटरला मी एकदा गचकलो. ते पोस्टकार्ड घरी वाचलं गेलं तेव्हा आते मला एक शब्द बोलली नाही. आबांच्या ताटातल्या बांगड्याकडं बघून फक्त म्हणाली, "बरो दिसता. पुढल्या वर्साक." आबांनी हे मला पत्रातून कळवलं, आणि त्या वर्षी मी केला तसा अभ्यास पुन्हा जन्मात केला नाही.

शेवटी मी पास झालो. आता नवस फेडायचा. पण आमचे तात्या घाडी म्हणाले, मुक्याच्या राईचा नवस वर्षातून एकदाच फेडता येतो, देवदिवाळीच्या दिवशी, भर दुपारी. आणि कोणी एक शब्द बोललं, तर सगळं फुकट. पुन्हा पुढची देवदिवाळी.

म्हणजे नारळीपुनवेला होड्या दर्यात गेल्या, घरोघर फोडणीचे वास सुटले, दारात मासेवालीण "इसवण इली गो!" म्हणून ओरडू लागली, तरी आते आत जाऊन चूल फुंकत बसे. (पेटलेली.) मी तिच्यासमोर जेवायला बसत नसे. लपून जेवत असे. बी. ए. झालेला माणूस माडाच्या आड उभा राहून तळलेला बांगडा खातो आहे, हे दृश्य गावानं पाहिलं आहे.

तात्या घाड्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. (ते स्वतः दोन शब्दांत कधी काही सांगत नसत.) गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणं हे त्यांचं काम. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडं केलेली विनंती, तक्रार आणि थोडीशी धमकी. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तात्या झोपेतही गाऱ्हाणं घालत, आणि त्यांची बायको झोपेतच "व्हय म्हाराजा" म्हणून कूस बदले असं म्हणतात. असा माणूस आमच्या मुक्या यात्रेचा पुढारी होता!

देवदिवाळीला आम्ही निघालो. तात्या, आते, मी, आणि काखेत कोंबडा घेऊन आबा. गडग्यापाशी पोचलो आणि आबांना शंका आली.

"तात्या, कोंबडो आरवलो तर?"

"कोंबड्याक नियम लागू नाय."

"कसो नाय? तो आमच्या वांगडा येता!"

"पण तो बोलणा नाय. तो नुसतो आरवता."

"तुझो भाव पण बोलणा नाय, नुसतो आरवता. तेका न्हेशीत?"

तात्यांनी कोंबड्याची चोच फडक्यानं बांधायची सूचना केली. त्यावर आते भडकली. "देवाक देवचो कोंबडो, तोंड बांधून न्हेतास? तुमचीच बांधतंय!"

कोंबडा तसाच घेतला. हा धोका साधा नव्हता. गावात एस. टी. नुकती सुरू झाली होती, आणि हा कोंबडा एस. टी. आली की आरवे, गेली की आरवे, आणि नाही आली तर वाट बघून आरवे! आम्ही चौघांनी, परदेशी जाणारे लोक बोलतात तसं, शेवटचं म्हणून काय काय बोलून घेतलं. तात्यांचं संपेना. आतेनं त्यांना पाठीवर थाप मारून गडग्यापलीकडं उतरवलं.

आणि समुद्र बंद झाला.

याला दुसरे शब्द मला आजवर सापडलेले नाहीत. जन्मापासून समुद्राची गाज माझ्या कानात होती. इतकी होती, की ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. गडगा ओलांडून थोडं खाली उतरलो आणि मागून कोणीतरी दार लोटून घ्यावं तशी ती थांबली. मी कान झाडला. आबाही कान झाडत होते. काखेतला कोंबडा तेवढा ताठ मान करून पुढं बघत होता, आणि गप्प होता. दिवसभर ज्याच्या तोंडाला विसावा नाही तो कोंबडा गप्प! खरं सांगायचं तर माझी पहिली भीती तिथं सुरू झाली.

आत दुपार नव्हती. उन्हाचे चार तुकडे पाचोळ्यावर पडले होते, तेही परवानगी घेऊन पडल्यासारखे. किरकिरे किडे एका सुरात ओरडत होते; आम्ही जवळ गेलो की ते सगळे एकदम थांबत, वर्गात मास्तर शिरल्यासारखे, आणि आम्ही पुढं गेलो की मागं पुन्हा सुरू होत. म्हणजे आम्ही जाऊ तिथं शांतता आमच्याभोवती चालत होती. कुठंतरी कातळातून पाण्याचा थेंब पडे, मग बराच वेळ काही नाही, आणि आता पडणार नाही असं वाटलं की पुन्हा पडे. बांबूच्या बेटात कऱ्ऱऽऽ असा आवाज होई. आपल्याला कळू नये म्हणून सावकाश दार उघडणारा माणूस जसं दार उघडेल, तसा. मध्येच डोक्यावरून कोणी ओलं धोतर झटकत गेलं. (तो मोठ्या चोचीचा धनेश होता, आमच्याकडं त्याला गरुड म्हणतात; त्याचे पंख तसे वाजतात. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते धोतरच होतं.) एक पान सुटलं तर त्याचा फांदीवर आपटत आपटत खाली येण्याचा सगळा प्रवास ऐकू येत होता. आणि या सगळ्याच्या वर, आबांच्या नाकातली बारीक शिटी.

अचानक तात्या थांबले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, बोटं वाकडी केली आणि डोळे मोठे केले. मला कळलं, गवा! मी आबांकडं वळून शिंगं करून दाखवली. आबांना ती शिंगं वेगळ्याच कोणाची वाटली, त्यांनी डोळे मिटून हात जोडले. आते पुढं गेली आणि तिनं करवंदीच्या काट्यात अडकलेलं तात्यांचं मुंडासं सोडवून दिलं.

हसू येण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. त्या ठिकाणी हसूसुद्धा आपलं आपल्याला ऐकू येईल अशी धास्ती वाटत होती.

राखणदाराचा दगड दिसू लागला. आतेनं पदरातली फुलं हातात घेतली. तिची पाठ माझ्यासमोर होती. तिचे खांदे मला दिसत होते. इतक्या वर्षांनी ते जरा सैल झाले होते. अजून थोडी पावलं, मग कोंबडा सोडायचा, तसंच परत जायचं, आणि संध्याकाळी घरात बांगडा. मी मनात म्हणालो, झालं आते, झालं.

"वसंताऽऽ!"

मागून. आबांच्याही मागून. आतेची हाक. शेवटचा आकार तसाच लांबवलेला, जेवण वाढलंय ये, अशी.

"ओ!" मी म्हणालो.

साधी दिली नाही. खाडीपलीकडून द्यायची सवय, तशी दिली, छाती भरून! ती सगळ्या राईत फिरून आली आणि माझ्याच कानात शिरली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आते माझ्या पुढं आहे, पाठमोरी आहे, आणि तिचं तोंड मिटलेलं आहे.

पुढं जी शांतता झाली तिच्यासमोर आधीची शांतता म्हणजे जामसंड्याचा बाजार! किडे थांबले. बांबू थांबला. तो थेंब पडायचा होता, तो पडला नाही. आते हळूहळू वळली. रागावली असती तर बरं होतं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, ताटातलं कोणी उचलून नेल्यासारखी.

आबांनी माझ्या तोंडावर हात दाबला. (उशीर झाल्यावर जोरात दाबायची आपल्याकडे पद्धत आहे.) पण त्यांनी दोन्ही हात दाबले, आणि काखेतला कोंबडा खाली पडला. तो फडफडला नाही. ओरडला नाही. त्यानं अंग झाडलं, आमच्या सगळ्यांच्या पायांमधून वाट काढली, आणि कोणी बोलावल्यासारखा सरळ चालत जाऊन त्या दगडापाशी उभा राहिला. त्यालाही हाक आली असेल. पण त्यानं ओ दिली नाही. तो बी. ए. नव्हता.

आतेनं फुलं वाहिली, हात जोडले. आम्ही परत फिरलो. नवस मोडलेला होता, तरी कोणी बोललं नाही, आणि मागं तर कोणीच बघितलं नाही. जाताना आबा सगळ्यांच्या शेवटी होते. गडगा आला तेव्हा ते पहिले होते.

गडग्याबाहेर पाय पडला आणि समुद्र पुन्हा सुरू झाला. तात्याही झाले.

"शिरा पडली तुझ्या तोंडार! बी. ये. झालंस तो ओ देवक?"

"पण आतेनं हाक मारली!"

"मी?" आते म्हणाली. "मी तोंड उघडूक नाय."

"तुझाच आवाज होता गो!"

"तात्या," आबा हळूच म्हणाले, "माका मगाशी तू हाक मारलंस मां? 'रामा' म्हणान?"

"मी? मी मुको होतंय!"

"मगे कोणी मारली?"

तात्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मी मनातल्या मनात गाऱ्हाणा घालत होतंय. सवय रे. आणि दर खेपेक मागसून कोणतरी 'व्हय म्हाराजा' म्हणा होता." ते थांबले. "येक जण न्हय. खूप जणा."

आबा गडग्यापासून आणखी थोडे लांब जाऊन बसले.

आते खाली बसली होती. पायात गेलेला काटा काढत होती. काढून झाल्यावर म्हणाली, "माका आवशीन हाक मारली. 'सरू' म्हणान. जेवक बोलयी तशी."

माझी आजी जाऊन माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती.

"मगे?" आबांनी विचारलं. आई त्यांचीही होती.

"मगे काय? ओ दिलंय नाय." आतेनं काटा टाकून दिला. "पोराचो नवस होतो."

त्यानंतर थोडा वेळ गडग्याबाहेरही मुक्याची राय झाली. मग आते उठली, लुगडं झटकलं. "चला. येका वर्साचा काय ता!"

ते मात्र मला सोसवेना. मरण पावलेल्या आईच्या हाकेला जिनं ओ दिली नाही, तिचा नवस मी कोणाच्यातरी नकलेला ओ देऊन मोडला होता! काहीतरी करायला हवं होतं. माझ्याजवळ काय होतं? बी. ए. होतं. मी ते वापरायचं ठरवलं.

"थांब आते! नवस मोडला नाही. ओ हा शब्दच नाही!"

"मगे काय आसा?" तात्यांनी विचारलं.

"ते केवलप्रयोगी अव्यय आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. ते चालवता येत नाही."

"चालवूक येणा नाय, तर भायर कसा इला?" आबा म्हणाले.

पण तात्यांचे डोळे चमकले होते. इतक्या वर्षांत देवाला सांगायला नवीन शब्द त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी मुंडासं डोक्यावर चढवलं, राईकडं तोंड केलं आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजाऽ! आज ह्या झिलान तुझ्या राईत जो काय आवाज केल्यान, तो शबूद न्हय, ता अव्येय आसा रे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हणालो.

"त्येका लिंग नाय, त्येका वचन नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येका इभक्ती नाय, म्हणान त्येका पाप नाय!"

(हे मी सांगितलं नव्हतं.)

"व्हय म्हाराजा!"

"ता तुका पटला असात, तर ओ दी रे म्हाराजाऽ!"

आम्ही थांबलो. राईतून काहीच आलं नाही. आणि मग आतून, खोलातून, कोंबडा आरवला!

"दिली! ओ दिली!" आबा उठून नाचायला लागले.

"गप रवा," आते म्हणाली. "येक हाक झाली. येका हाकेर कोणी इश्वास ठेवूचो नाय."

हे बरोबरच होतं. तिनंच शिकवलेलं होतं. आम्ही गडग्यावर ओळीनं बसलो आणि दुसऱ्या बांगेची वाट बघू लागलो. ऊन कलत चाललं. बऱ्याच वेळानं दुसरी बांग आली. तात्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. आता एकच राहिली!

"तो एस. टी. क आरवलो," आते शांतपणे म्हणाली. "पयली बांग गाडी इली तेवा, दुसरी बांग ती गेली तेवा. माका कर्नो आयकाक इलो."

भोंगा मीही ऐकला होता. आबांनीही ऐकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आम्ही सगळे गप्प होतो, आणि त्या दिवशी योग्य वेळी गप्प राहायची माझी ती पहिलीच वेळ होती. पण आतेला फुकटचा मासा नको होता. ती उठली. "देवाक फसवन खाल्लेलो बांगडो माझ्या पोटात रवाचो नाय. चला घराकडे."

आम्ही उठलो. चार पावलं गेलो असू.

मागं राईतून तिसरी आली.

त्या दिवशी आमच्या गावाला दुसरी एस. टी. नव्हती. तो आवाज कोंबड्याचा होता, असं आबा आयुष्यभर सांगत राहिले. तात्या म्हणत, कोंबड्यासारखा होता. मी मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आहे, शब्द जपून वापरतो: तो आवाज शिकून घेतलेला वाटला. समुद्र पुन्हा क्षणभर बंद झाला होता.

आते राईकडं तोंड करून उभी होती. तिनं हात जोडले, आणि अगदी हळू, कोणाच्यातरी हाकेला उशिरा उत्तर द्यावं तसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग मात्र आम्ही पळालो. सगळ्यांत पुढं तात्या.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी बांगडे पाठवले. आतेनं ते स्वतः तळले, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात घेतले. आबांनी विचारलं, "बरो झालो मां?" तिनं नुसता हात वर केला, गप. एक एक काटा बाजूला काढत ती शेवटपर्यंत मुक्यानं जेवली. मुक्याच्या राईत मी जी शांतता ऐकली, ती या शांततेच्या पासंगाला पुरणार नाही.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण माझी ओ गेली ती गेलीच. पुढं रत्नागिरीकडच्या एका शाळेत मुलाखतीला बोलावणं आलं. बाहेर बाकावर बसलो होतो. शिपायानं हाक मारली, "परब!" मी ऐकलं, आणि बसून राहिलो. "परब आहेत का?" मी त्याचे पाय सरळ आहेत की उलटे ते बघितलं. "अहो, परब!" तिसऱ्या हाकेला मी अशी ओ दिली, की आत हेडमास्तरांच्या हातून दौत सांडली.

"इतका वेळ कुठं होतात?" त्यांनी विचारलं.

"इथंच होतो, सर. खात्री करून घेत होतो."

नोकरी मिळाली. (पहिल्या हाकेला न दचकणारा माणूस या शाळेत टिकेल, असं ते म्हणाल्याचं ऐकतो.) मी वर्गात हजेरी घेताना प्रत्येक मुलाचं नाव तीनदा पुकारतो. पहिला तास त्यातच संपतो, आणि मुलांची त्याबद्दल तक्रार नाही.

त्याच वर्षी आतेला मी जे पत्र पाठवलं ते तिनं जपून ठेवलं, आणि अजून पाहुण्यांना वाचून दाखवायला लावते. म्हणून ते इथं देतो.

*

ती. सरूआते हिस,

वसंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

ओ.

तुझं पहिलं पत्र पोचलं होतं. त्यात "कधी येतंस?" एवढंच होतं. अक्षर पोस्टमास्तरांचं होतं, आवाज तुझा होता. पण आवाज तुझा असला म्हणजे तू असतेसच असं नाही, हे मला एकदा चांगलं कळलेलं आहे. म्हणून गप्प राहिलो. दुसऱ्या पत्रात "मेल्या, कधी येतंस?" असं होतं. अर्धी शंका फिटली. तिसऱ्यात "शिरा पडली तुझ्या तोंडार" याशिवाय काहीच नव्हतं, तेव्हा मात्र तूच आहेस याबद्दल खात्री पटली, आणि डोळ्यांत पाणी आलं.

सुट्टी लागली की येतो. बांगडे घेऊन ठेव. पहिला तुझ्या ताटात पडल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही, माडाच्या आड तर नाहीच नाही. मी जो काही झालो आहे तो तू जेवली नाहीस म्हणून झालो आहे, हे मी वर्गात मुलांना सांगतो. त्यांना ते गणित वाटतं.

राईतला कोंबडा अजून आरवतो, असं आबा लिहितात. आरवू दे. तू ओ देऊ नकोस.

एस. टी. हल्ली तिन्हीसांजेला येते आणि राईच्या वळणावर सोडते. मी गडग्यापासून चालत येईन. तू अंगणातून हाक मार. तीनदा मार गो आते. आणि पहिल्याच हाकेला जर ओ आली, तर आत जाऊन दार लावून घे. तो मी नसेन.

तुझा,
वसंता, बी. ए.